मुद्गलाला बाजू नसते

गोल्फ शिकवणारे प्रशिक्षक अलीकडे एक सराव आवर्जून सांगतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याने अधूनमधून डावखुऱ्यासारखे उभे राहावे आणि तीच काठी उलट्या बाजूने फिरवावी. चेंडू मारायचा नाही, नुसती काठी फिरवायची. एकाच दिशेने हजारो वेळा पीळ घेऊन कंबर, पाठ आणि खांदे एकांगी होतात, त्याला हा उतारा आहे असे ते सांगतात. वेग वाढवण्यासाठी आखलेल्या काही सरावक्रमांत तर उलट्या बाजूचे फटके मोजून घातलेले असतात. आधुनिक व्यायामशास्त्राचा हा नवा शोध आहे अशीच ऐकणाऱ्याची समजूत होते. महाराष्ट्रातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी आखाड्यांत मात्र हा सराव निदान दोनशे वर्षे चालत आलेला आहे. उजव्या हाताने मुद्गल जितक्या वेळा फिरवला तितक्याच वेळा डाव्याने फिरवायचा, हा तिथला साधा रिवाज होता. म्हणून ‘हे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणून पाठ थोपटून घ्यावी, असे मला वाटत नाही. जी गोष्ट तालमीत कुणी विचारल्याशिवाय होत होती, ती गोल्फच्या मैदानावर मुद्दाम शिकवावी का लागते, हा खरा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, नावडत्या बाजूचा सराव करायचा की नाही, हे माणसाच्या शहाणपणाने कमी आणि त्याच्या हातातल्या वस्तूच्या घडणीने जास्त ठरत आले आहे.

मुद्गल जवळून पाहिला की हे लगेच ध्यानात येते. एकाच लाकडातून कातलेली ही वस्तू असते. वर मुठीपुरता बारीक दांडा, टोकाला मूठ सुटू नये म्हणून छोटी गाठ, आणि खाली रुंद होत गेलेला जड बुंधा. कुठूनही पाहा, ती गोलच असते. तिला पुढा नाही आणि पाठही नाही. पोराच्या हाती हलका मुद्गल देतात, पैलवानाच्या हाती जड. फिरवण्याची रीत मात्र एकच. मुद्गल खांद्यापाशी उभा धरायचा, मग तो मागे सोडायचा. तो पाठीमागून लोलकासारखा खाली येतो, आपल्या वजनाने खांद्याचा सांधा उघडतो, दुसऱ्या बाजूने वर चढतो आणि मनगटाच्या वळणाने पुन्हा जागेवर येतो. जड मुद्गल दंडाच्या जोरावर उचलायला गेले की पहिल्या दहा हातांतच दंड भरून येतो. तो पडू द्यावा लागतो, आणि पडणाऱ्या वजनाला वाट देण्याचे काम पाय आणि कंबर करतात. गोल्फचा गुरूही नवशिक्याला हेच सांगत असतो, की हाताने मारू नकोस, कमरेने वळ, काठीला जाऊ दे. फरक इतकाच, की मुद्गलांची जोडी असते. एक छातीपुढून जात असताना दुसरा पाठीमागे उतरत असतो. डावा हात मागे पडला की लय मोडते आणि दोन लाकडे एकमेकांवर आदळतात. चूक कानांनाच ऐकू येते, उस्तादाने सांगायची गरज उरत नाही. जोडीची ही रचनाच डाव्या हाताला सवलत देत नाही.

या समतेचे मोल कळायला तालमीबाहेरचे मराठी जग आठवावे लागते. प्रसाद घ्यायचा तो उजव्या हाताने. पान वाढायचे, दक्षिणा द्यायची, शकुनाची वस्तू पुढे करायची ती उजव्यानेच. प्रदक्षिणा देव उजवीकडे ठेवूनच घालायची. डावखुरे मूल पाटी-पेन्सिल डाव्या हातात धरू लागले की घरचे आणि पंतोजी मिळून ती उजव्या हातात देत. अशा समाजात, मारुतीच्या तसबिरीपुढच्या मातीत, त्याच मुलाला रोज पहाटे डाव्या हाताचे काम उजव्याइतकेच मोजून द्यावे लागत असे. कुणी हातांच्या समतेचे तत्त्वज्ञान मांडल्यामुळे हे घडले, असा पुरावा मला कुठे दिसत नाही. तसे तत्त्वज्ञान असते तर ते तालमीच्या दाराबाहेर थोडे तरी पोहोचले असते. हा रिवाज आखाड्याच्या चौकटीतच राहिला, कारण तो तिथल्या साधनांबरोबर आला होता. मल्लखांबाचेही तसेच. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवे आयुष्य दिले, तो खांबही गोलच आहे. एरंडेल चोळलेल्या त्या लाकडाला डावीकडून भिडा की उजवीकडून, खांबाचे काहीच म्हणणे नसते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. तालमीतला सगळाच व्यायाम दुबाजू होता का? नव्हता. फरी-गदका घ्या. चामड्याची फरी डाव्या हातात, गदका उजव्या हातात. ढाल-तलवारीचा हा सराव असल्याने हातांची कामे वाटून दिलेली होती, आणि ती अदलाबदल करून शिकवण्याला फारसा अर्थ नव्हता, कारण रणात उजव्या हाताची तलवार डाव्यात येणार नव्हती. कुस्तीतही पैलवानाचा एक हुकमी डाव असतो आणि तो बहुधा एकाच बाजूने बसतो. हा आक्षेप माझे म्हणणे खोडत नाही, उलट त्याला बळ देतो. दोन्ही बाजूंची निष्ठा ही तालमीची सरसकट वृत्ती असती, तर ती फरी-गदक्यातही दिसली असती. एकाच आखाड्यात, एकाच उस्तादाच्या हाताखाली, लाठी दोन्ही अंगांनी फिरते आणि फरी मात्र डाव्या हातातून हलत नाही. लाठीची दोन्ही टोके सारखी असतात, फरी आणि गदका मात्र जन्मतःच वेगळे.

दांडपट्टा या दोहोंच्या मध्ये उभा आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला, त्यामुळे त्याचे चित्र आता सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहे. लांब, लवचीक, दुधारी पाते आणि मुठीपासून कोपरापर्यंतचा हात झाकणारा लोखंडी खोबळा. त्या खोबळ्यात हात गेला की मनगट जवळजवळ बंद होते. तलवारीच्या हातात मनगटाची जी सफाई असते, ती पट्ट्यात चालत नाही. वार काढायचा तो खांद्यातून, पाठीतून, पायांच्या घुमाऱ्यातून. पाते दोन्ही कडांनी कापते, त्यामुळे गेलेला वार परत येतानाही वारच असतो. एका बाजूचा फटका संपतो तिथेच दुसऱ्या बाजूचा सुरू होतो. कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यांत आजही पट्टा डावी-उजवीकडे अखंड फिरवतात, आणि तयारीचा खेळाडू दोन्ही हातांत दोन पट्टे घेऊन उतरतो. बाजीप्रभूंची लोकांच्या मनातली मूर्तीही दोन्ही हातांत शस्त्र घेतलेलीच आहे. मूर्ती हा काही इतिहासाचा पुरावा नव्हे. पण कोणत्या कसबाला या समाजाने शौर्याची पराकाष्ठा मानले, ते तिच्यावरून कळते. ढाल हाती नसलेल्या, चहूबाजूंनी घेरलेल्या माणसाला एकच बाजू पुरत नाही. तेव्हा गरजेनेही दुबाजू सराव मागितला असणार, हे मी मान्य करतो. पण गरज असूनही, एकाच धारेचे पाते असते तर परतीचा वार इतका सहज निघाला नसता.

वस्तूची घडण सवय ठरवते, या म्हणण्याची परीक्षा घ्यायची तर माणसे तीच ठेवून वस्तू बदलून पाहायला हवी. इतिहासाने ती सोय करून ठेवली आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी इथे दोन गोष्टी केल्या. त्यांनी आपले गोल्फ इथे आणले आणि इथले मुद्गल तिकडे नेले. कलकत्त्याचा गोल्फ क्लब 1829 चा, मुंबईचा 1842 चा. पुढे तो खेळ छावण्यांच्या आणि थंड हवेच्या गावांतून पसरला. नाशिकच्या एका मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव दिलेले असूनही जुनी माणसे अजून ‘गोल्फ क्लब’च म्हणतात, त्यात साहेबांच्या त्याच खेळाची खूण उरली आहे. नेमक्या याच काळात पलटणींतल्या अधिकाऱ्यांनी देशी शिपायांना मुद्गल फिरवताना पाहिले. 1834 मध्ये लंडनमध्ये निघालेल्या डोनाल्ड वॉकर यांच्या ‘ब्रिटिश मॅन्ली एक्सरसायझेस’ या पुस्तकात मुद्गलाचे हात आले. 1866 मध्ये न्यूयॉर्कला सिम केहो यांनी या एकाच व्यायामावर पुस्तक काढले. मुद्गल तिकडे ‘इंडियन क्लब’ झाला, हलका झाला, बायका-मुलांच्या हाती गेला आणि 1904 च्या सेंट लुईस व 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्पर्धेचा प्रकारही झाला. या सगळ्या प्रवासात त्याचे वजन बदलले, नाव बदलले, फिरवण्याचा हेतू बदलला, पण डाव्या-उजव्या हाताची समता बदलली नाही. सकाळी दोन्ही हातांनी मुद्गल फिरवणारा साहेब संध्याकाळी गोल्फच्या मैदानावर गेला की एकाच अंगाने फटके मारत असे. माणूस तोच होता, त्याचे शरीर तेच होते, फक्त हातातली वस्तू बदललेली होती.

गोल्फच्या काठीला तोंड असते. लोखंडाच्या चपट्या टोकाचा एकच पृष्ठभाग चेंडूला भिडण्यासाठी तासलेला असतो, ठरावीक कोनात कललेला असतो, आणि तो उजव्या हाताच्या खेळाडूसाठी असेल तर डावखुऱ्याच्या काहीही कामाचा नसतो. खेळाचे नियमही हेच पक्के करतात. काठीला मारण्याचे तोंड एकच असावे, फक्त चेंडू भोकात ढकलण्याच्या पटरला दोन सारखी तोंडे चालतील, असा नियम आहे. हॉकीत तर याच्याही पुढची पायरी आहे. हॉकीच्या काठीची सपाट बाजू एकाच अंगाला असते आणि डावखुरी काठी खेळात चालतच नाही. म्हणजे या खेळांत दुसरी बाजू आळसाने सुटलेली नाही, तिला वस्तूने आणि नियमाने बाहेर ठेवले आहे. आणि ज्याच्या हाती जी काठी पडते, त्याची बाजू तीच होते. 1963 मध्ये ब्रिटिश ओपन जिंकणारे न्यूझीलंडचे बॉब चार्ल्स हे मोठी स्पर्धा जिंकणारे पहिले डावखुरे गोल्फपटू. एरवीच्या व्यवहारात मात्र ते उजव्या हाताचे. त्यांचे आईवडील डाव्या बाजूने खेळत, घरात काठ्या तशाच होत्या. फिल मिकल्सन बाकी सगळी कामे उजव्या हाताने करतात, पण लहानपणी वडिलांसमोर उभे राहून त्यांच्या फटक्याची आरशातल्यासारखी नक्कल करता करता डाव्या बाजूने खेळायला शिकले. 2003 ची मास्टर्स स्पर्धा जिंकणारे कॅनडाचे माइक वीअर हेही असेच, त्यांची बाजू बर्फावरच्या हॉकीने ठरवली. या तिघांच्या रक्तात डावेपण नव्हते.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकाकडून यावा असा आहे. मराठी व्यायामशाळांतली दोन्ही बाजूंची शिस्त देशी कशावरून? स्टॉकहोममध्ये 1813 साली पेर हेन्रिक लिंग यांनी संस्था काढली, तिथली स्वीडिश कवायत इंग्रजी शाळांमार्फत इकडे आली, ‘एक-दोन-तीन-चार’ म्हणत उजवीकडे चार आणि डावीकडे चार हा हिशेब तिचाच असणार. यात तथ्य आहे. बडोद्याला जुम्मादादांच्या आखाड्यात प्रोफेसर माणिकराव यांनी घडवलेला संघव्यायाम, म्हणजे शेकडो तरुणांनी एका हुकमावर करायचे लाठी, लेझीम, मुद्गलाचे हात, हा नुसत्या जुन्या तालमीचा वारसा नव्हता. त्यात कवायतीच्या रांगा आणि कवायतीचे आकडे होतेच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, 1949 मध्ये ते स्टॉकहोमला लिंग यांच्या नावाच्या ‘लिंगियाड’ या व्यायाम-महोत्सवालाही गेले. ही मंडळी युरोपाशी बोलत होती आणि त्यांनी तिकडचे घेतलेही. तरीही वॉकर यांच्या पुस्तकाची तारीख विसरून चालत नाही. 1834 मध्ये पश्चिमेकडे जाणारा मुद्गल दोन्ही हातांचाच होता, आणि तेव्हा इथल्या तालमींना स्वीडिश कवायतीचा वाराही लागलेला नव्हता. बाहेरून आला तो आकडा आणि हुकूम, दुसरी बाजू इथे आधीपासून होती. बडोद्याहून 1936 पासून खंडाखंडाने निघालेल्या, द. चिं. करंदीकर ऊर्फ मुजुमदार यांनी संपादलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’ने आखाड्यात तोंडी चालत आलेले हात कागदावर उतरवले. जो रिवाज अंगाअंगातून पुढे जात होता तो चित्रांसकट छापला गेला, हे त्या दहा खंडांचे उपकार फार मोठे आहेत. आज ते वाचणारे थोडे आहेत याचे मला मनापासून वाईट वाटते.

बडोद्याहून मुंबईकडे येताना वाटेत वापी लागते आणि तिथून आत वळले की सिल्वासा. दमणगंगेच्या या खोऱ्यात आखाड्यांचा इतिहास शोधायला मी निघालेलो नाही. इथला पुरावा वेगळा आहे आणि माझ्या मते तो जास्त मोलाचा आहे. दादरा-नगरहवेलीपासून तलासरी, डहाणू, जव्हारपर्यंत पसरलेल्या वारली समाजाचा तारपानाच सगळ्यांना चित्रांतून माहीत आहे. एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेल्या माणसांची लांब ओळ, मध्ये दुधी भोपळ्याचा आणि बांबूच्या नळ्यांचा तारपा फुंकणारा वादक. चित्रात जे दिसत नाही ते नाचात दिसते. वादक सूर बदलतो आणि ओळीचा म्होरक्या दिशा बदलतो. उजवीकडे घुमणारी साखळी डावीकडे घुमू लागते. वर्तुळात फिरताना बाहेरचा पाय लांब टाकावा लागतो, आतला पाय तोल सांभाळतो. दिशा फिरली की दोन्ही पायांची कामे बदलतात. भाताची कापणी आटोपल्यावर रात्र रात्र चालणारा हा नाच एकाच दिशेने चालला असता तर एकाच अंगावर सगळा भार आला असता. कुणी म्हणेल, नाच हा काही व्यायाम नव्हे, त्याचा सरावाशी संबंध काय? म्हणूनच तर तो इथे महत्त्वाचा आहे. शरीर घडवायचा हेतू नाही, शत्रू नाही, उस्ताद नाही आणि कवायतीचा हुकूमही नाही, तरी दोन्ही दिशा आहेत. नाचणाऱ्यांच्या हातात बाजू ठरवणारी वस्तूच नाही आणि वर्तुळाला कुठे तोंड नाही. जिथे काही आड येत नाही, तिथे शरीर दोन्हीकडे वळते.

राहिला तो खेळाडूचा आक्षेप, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. कौशल्य एकाच गोष्टीच्या अखंड सरावाने येते. ज्याला फटका उजवीकडूनच मारायचा आहे त्याने डावीकडे वेळ का दवडावा? याचे उत्तर तालमीच्या व्यवहारातच आहे. तालमीने डाव्या हाताकडून कसबाची मागणी कधी केली नाही, फक्त मेहनतीची केली. पैलवान कुस्ती आपल्या हुकमी बाजूनेच मारायचा, पण मेहनत दोन्ही बाजूंनी करायचा. जोर, बैठका आणि मुद्गल ही मेहनत, कुस्ती ही निराळी गोष्ट, हा भेद तिथे पक्का होता. नव्या खेळांनी हा भेद पुसला. 1938 मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची संस्था काढली, शाळांतून खेळ शिकवणारे शिक्षक तयार होऊ लागले आणि हळूहळू खेळ हाच व्यायाम ठरला. खेळ सर्वांपर्यंत पोहोचले हे चांगलेच झाले. पण खेळाची काठी एकतोंडी असल्याने मेहनतही एकतोंडी झाली. उलट्या बाजूच्या सरावाने गोल्फचा फटका नेमका किती लांब जातो, यावर प्रशिक्षक मोठमोठे दावे करतात आणि त्या दाव्यांवर मी माझे म्हणणे उभे करत नाही. इतके मात्र शरीराच्या साध्या रचनेवरून कळते, की उजवीकडून डावीकडे वेगाने वळणाऱ्या धडाला शेवटी थांबवतात ते विरुद्ध बाजूचे स्नायू. त्यांना वेग देण्याचे काम कधीच मिळाले नाही तर ते फक्त लगाम खेचत राहतात. मुद्गलाची जोडी फिरवणाऱ्याचा प्रत्येक स्नायू आळीपाळीने वेगही देतो आणि लगामही धरतो.

गोल्फच्या मैदानावर हा सराव परत आला तो कसा, तेही पाहण्यासारखे आहे. डाव्या बाजूने फिरवायचे म्हटले तर उजव्या काठीचे तोंड उलटे येते, आणि नुसत्या सरावासाठी डावखुऱ्या काठ्यांचा दुसरा संच कोण घेणार? म्हणून प्रशिक्षकांनी सरावासाठी वेगळे साधन काढले. लांब दांडा, टोकाला वजन, फटका मारायचे तोंड नाही, दोन्ही बाजूंनी सारखे फिरते. काही साधनांत ते वजन साध्या गोळ्याचे असते. हलके, मध्यम आणि जड अशा चढत्या वजनांचे संचही मिळतात, आणि खेळाडू त्यातल्या प्रत्येकाने आधी आपल्या बाजूने व मग दुसऱ्या बाजूने हात काढतो.